‘ळ’ची जागा

मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे संगणकशास्त्राचा विद्यार्थी येतो तो सहसा चुकून. परीक्षेचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, एवढेच त्याला विचारायचे असते; उत्तर मिळाले की तो जिन्यावरून नाहीसा होतो. तो आपण होऊन खुर्ची ओढून बसला आणि “सर, ‘ळ’ नेमका कुठे येतो?” असे विचारू लागला, तर समजावे की त्याच्या यंत्राने त्याला कुठेतरी अडवले आहे.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या महाविद्यालयात असा एक मुलगा आहे. दोन वर्षांत त्याने चार वेबसाइटी उभ्या केल्या, त्यांपैकी दोन पाडल्या, एक आपोआप पडली आणि एक अजून उभी आहे. ह्या उद्योगात वेबसाइट बांधणे म्हणजे काय हे मला शेजारी बसून पाहता आले, आणि मराठी लिहिणे म्हणजे काय हे त्याला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, असे मी म्हणणार हे वाचकांनी ओळखलेच असेल. पण तसे तो मुलगाही म्हणतो, म्हणून हा लेख.

त्याची पहिली वेबसाइट त्याची स्वतःचीच होती. सगळ्यांचीच असते. काळ्या पार्श्वभूमीवर त्याचे नाव इंग्रजीत एकेक अक्षर उमटत येई, बोट जिथे न्यावे तिथे ठिणग्या उडत, आणि खाली ‘माझे प्रकल्प’ असे सदर होते, त्यात प्रकल्प एकही नव्हता. ती दाखवण्यासाठी त्याने मुंबईला राहणाऱ्या मामाला पत्ता पाठवला. मामाच्या फोनवर काहीच उघडेना. भाच्याने पाठवलेला पत्ता ‘लोकलहोस्ट’चा होता, म्हणजे ‘हेच यंत्र’. परळच्या माणसाला ‘माझ्या घरी ये’ असे कळवायचे आणि पत्त्याच्या जागी ‘इथे’ एवढेच लिहायचे, तशातला हा प्रकार. मामा ‘इथे’ शोधत राहिला.

मग ती वेबसाइट खरोखरीच्या सर्व्हरवर चढली, तेव्हा फोटो गायब झाले. फाइलच्या नावात एके ठिकाणी मोठ्या लिपीतले इंग्रजी अक्षर होते आणि कोडमध्ये लहान लिपीतले. घरच्या विंडोज यंत्राला तो फरक चालत होता, सर्व्हरवरच्या लिनक्सला चालेना. पोराला ह्याचा भयंकर राग आला. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापल्यावर विद्यार्थ्यांना येतो अगदी तसाच. मी काही बोललो नाही.

दुसरा प्रकल्प अभ्यासक्रमातला होता. कोणताही शब्द उलटसुलट सारखाच वाचता येतो की नाही हे सांगणारे एक छोटे पान. जगभरचे विद्यार्थी हा धडा गिरवतात, आणि इंग्रजीत तो चार ओळींत संपतो. ह्याला हुक्की आली की मराठीत करून पाहावे. त्याने ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य घातले. पोरापोरींना पिढ्यान्पिढ्या पाठ असलेले, उलट वाचले तरी तेच. यंत्राने उत्तर दिले: नाही. त्याने उलटे केलेले वाक्य छापून पाहिले, तर सुरुवातीलाच ठिपक्यांचे एक पोकळ वर्तुळ आणि त्याला लटकलेली दुसरी वेलांटी! पुढची अक्षरे तर ओळखीचीच राहिली नव्हती.

ह्याचे कारण समजावून घेण्यासारखे आहे. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते यंत्राच्या हिशेबी एक नसते. ‘ची’ म्हणजे त्याच्या लेखी दोन वस्तू: एक ‘च’ आणि एक वेलांटी. ‘क्ष’ म्हणजे तीन: ‘क’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘ष’. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपण तीन अक्षरांत मोजतो, यंत्र तो आठांत मोजते. आता ही आठांची माळ शेवटाकडून ओवली, की काने-मात्रे आपापल्या व्यंजनांपासून सुटून भलत्याच्या गळ्यात पडणारच.

मोरो केशव दामले ह्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. वर्ण आणि अक्षर ह्यांतला भेद वर्गात शिकवताना मी त्याचा हवाला देतो आणि मागच्या बाकांवर जांभया येतात. ह्या मुलाने मात्र तो भेद एका दुपारी असा आत्मसात केला, की त्याने मलाच उलट विचारले, “सर, मग ‘न्ह’ला एक धरायचे की दोन?” ब्राउझरमध्ये हल्ली मजकुराची अक्षरे पाडून देणारी सोय असते, तीही इतके दिवस ‘क्ष’चे दोन तुकडे करीत असे. युनिकोडच्या नियमांत २०२३ साली सुधारणा झाली आणि देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची व्यवस्था त्यात आली. म्हणजे दामल्यांनंतर एकशेबारा वर्षांनी यंत्र तिथवर पोचले.

ती सोय वापरून त्याने पान पुन्हा लिहिले. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा उत्तर: नाही! आता मात्र यंत्राचे काही चुकले नव्हते. पहिली ‘चि’ ऱ्हस्व, शेवटची ‘ची’ दीर्घ. मराठीत शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ लिहायचा हा लेखनाचा नियम. कानाला भेद जाणवत नाही, म्हणून आपण ते वाक्य उलटसुलट सारखे मानतो. सबब त्याने ऱ्हस्व-दीर्घ एकच धरण्याची सवलत यंत्राला दिली. चिमा उत्तीर्ण झाली. शुद्धलेखनाचा नियम कुठे पाळायचा आणि कुठे सोडायचा, हे स्वतःच्या हाताने ठरवावे लागल्यावर मग तो नियम विसरत नाही.

तिसऱ्या प्रकल्पाला माझे निमित्त झाले. आमच्या विभागात बरीच वर्षे एक रिवाज आहे. दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मालवणी शब्द गोळा करून आणायचे: शब्द, अर्थ, कोणी सांगितला, कोणत्या वाडीतला. १९८० साली ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले आणि मालवणी बोली साऱ्या महाराष्ट्राने ऐकली, हसून हसून ऐकली. पण जी बोली ऐकून लोक हसले, तिच्यातले घरातले, शेतातले, चुलीपुढचे शब्द नाटकात यायचे कारण नव्हते. नारळाच्या करटीला दांडा बसवून केलेली डवली, शेतातला मांगर, चिऱ्याचा गडगो, अंगणासाठी ‘खळा’. स्टीलचा डाव आला की डवली जाते, आणि डवली गेली की शब्द कशाला राहील? तेरा वह्या भरल्या आहेत. त्या कपाटात होत्या आणि कपाटाला, कोकणातल्या कोणत्याही कपाटाला लागते तशी, बुरशी लागत होती.

“मी घालतो नेटवर,” तो म्हणाला, “एका आठवड्यात.”

त्याला आठ महिने लागले.

वह्यांपैकी चार पूर्वीच एका छापखान्यात टाइप करून घेतलेल्या होत्या, त्यामुळे तेवढे काम फुकट मिळाले असे त्याला वाटले. ती फाइल त्याने उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी. जुन्या मराठी फॉन्टची ही करामत. त्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले चित्र असे. फॉन्ट असेल तर मराठी दिसे, नसेल तर खिचडी. प्रत्येक फॉन्टची खिचडी निराळी. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी सरकारी मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली, तरी छापखान्यांतून हे चित्रांचे राज्य पुढे कितीतरी वर्षे चालले. आजही पुष्कळ मराठी पुस्तकांच्या फाइली ह्याच अवस्थेत पडून आहेत.

चित्र-फॉन्टातून युनिकोडमध्ये आणणारी तयार साधने मिळतात. पण पोरसवदा आत्मविश्वास असा, की त्याने स्वतःच एक लिहिले. त्यातून ‘पानविडा’ निघाला तो ‘पानिवडा’ होऊन आणि ‘दर्या’ निघाला तो ‘दयार्’ होऊन. छापखान्यातला टाइप करणारा डोळ्यांना दिसते तसे टाइप करतो: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून आधी, रफार शेवटच्या अक्षरावर दिसतो म्हणून शेवटी. युनिकोड मात्र उच्चाराचा क्रम धरतो. आधी ‘व’, मग इकार. आधी ‘र’, मग ‘या’. दाखवताना तो वेलांटी पुन्हा डावीकडे नेतो, पण मनात ठेवतो ती उच्चारल्याप्रमाणे. ही गोष्ट त्याने मला फळ्यावर काढून दाखवली. आपल्या लिपीत डोळा आणि कान ह्यांचे भांडण आहे हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, पण त्याचा इतका नेटका पुरावा मला मिळाला नव्हता.

वेलांट्या जागेवर आल्या, तो दुसरेच उपटले. डेटाबेसमध्ये घातलेले शब्द बाहेर येताना प्रश्नचिन्हांची रांग होऊन येऊ लागले. इंग्रजी अक्षराला साठवणीत एक घर पुरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत, तीन घरे लागतात. ‘माझ्याकडे जो मजकूर येतो तो ह्या पद्धतीचा आहे’ असे पानाने, सर्व्हरने आणि डेटाबेसने, तिघांनी सांगावे लागते. एकाने जरी तोंड मिटले तरी मराठीची वाट लागते. ही एक ओळीची गोष्ट शोधण्यात त्याचे तीन दिवस गेले.

आणि मग तो ‘ळ’ घेऊन माझ्याकडे आला.

शब्द अकारविल्हे लावायचे होते. यंत्राला ‘क्रम लाव’ म्हटले की ते लावते. कोडाचा तुकडा त्याने हल्ली जे सर्वज्ञ यंत्र विचारले ते लिहून देते त्याच्याकडूनच घेतला होता. यादी लागली. सारे शिस्तीत दिसत होते. त्याच्या आजीने मात्र ती फोनवर पाहून सांगितले, “झिला, ह्यां काय तरी चुकलासा.” तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत बाराखडी तिला तोंडपाठ, आणि ‘खळा’ हा शब्द ‘खवणी’च्या वर बसलेला तिला खपला नाही.

आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. स, ह, ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ‘ल’चा क्रमांक २३५४, लगेच ‘ळ’चा २३५५ आणि मग ‘व’ २३५७. देवनागरीचा हा तक्ता भारतीय मानकाच्या धर्तीवर घेतला गेला, आणि ते मानक साऱ्या भारतीय लिप्यांना एकच चौकट बसावी म्हणून आखलेले. त्यात ‘ल’च्या कुळातली अक्षरे शेजारी बसली. नुसत्या क्रमांकाने लावले की मराठी कोशातला ‘ळ’ असा मधेच येऊन बसतो. प्रमाण हिंदीला ‘ळ’ची गरज नाही, त्यामुळे देवनागरीत काम करणाऱ्या पुष्कळांना ही अडचण भासतही नाही. मराठीला भासते, मालवणीला तर विशेषच. माळो, वळय, गाळण, गडगळो... पाचदहा पानांत ‘ळ’ नाही असे पान नाही.

भाषेप्रमाणे क्रम लावण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. ‘ही यादी मराठी समज’ असे सांगावे लागते इतकेच. पण त्याने सगळी वर्णमाला स्वतःच लिहून काढून यंत्राला दिली, कारण त्याला एक शंका होती: ‘क्ष’ने सुरू होणारे शब्द ‘क’मध्ये घालायचे की शेवटी? मराठी कोशांत दोन्ही रीती दिसतात. आमची त्यावर दोन दुपारी चर्चा झाली. शेवटी मालवणीत ‘क्ष’ने सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले आणि वाद आपोआप शमला.

शोधण्याच्या चौकटीने त्याला ह्याहून छळले. ज्याने बरेच शब्द पाठवले होते अशा एका वकिलांनी तक्रार केली, की ते ‘ॲड.’ लिहून स्वतःचे नाव शोधतात आणि सापडत नाही. मराठीसाठी म्हणून ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये आले ते २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, आणि कित्येक कळफलक अजून तसेच भागवतात. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राच्या दृष्टीने निराळे शब्द! अर्ध्या ‘र’चेही तेच. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगराच्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हा भेद मराठीत अर्थाचा आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण ‘दऱ्या’तला तो चंद्रकोरीसारखा ‘र’ दोन निरनिराळ्या रीतींनी टाइप करता येतो आणि वरून ओळखू येत नाही. त्याने शेवटी असा बंदोबस्त केला, की शब्द आत घेतानाच तो एका ठरावीक रूपात आणायचा, आणि शोधणाऱ्याने काहीही टाइप केले तरी त्याचेही तेच रूप करायचे. हे सुचायला हुशारी लागते असे नाही. लागते ती वकिलांची तक्रार ऐकून घेण्याची तयारी.

एवढे झाल्यावर लक्षात आले, की निम्मे लोक देवनागरीत टाइप करतच नाहीत. ग्रंथालयातल्या शिपाईमामांच्या हातात त्याने फोन दिला आणि ‘झील’ शोधायला सांगितले. त्यांनी रोमन अक्षरांत लिहिले, तेही ‘झ’ऐवजी ‘जे’ घालून. पान म्हणाले: असा शब्द नाही. मामा म्हणाले, “नाय तर नाय,” आणि फोन परत दिला. माणसे यंत्राशी भांडत बसत नाहीत, निघून जातात. पुढचे तीन आठवडे ‘झील’, ‘चेडू’, ‘घोव’ हे शब्द रोमन लिपीत लोक किती तऱ्हांनी लिहितात ते जमवण्यात गेले.

ह्याच सुमारास मी त्याला एक जुनी हकीकत सांगितली. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली ती १९८९ साली. त्यांचा पहिला ब्राउझर ज्या यंत्रावर चाले, ती नेक्स्ट जातीची यंत्रे फार थोड्यांकडे होती. १९९० च्या अखेरीस लेस्टर पॉलिटेक्निकची गणिताची एक विद्यार्थिनी, निकोला पेलो, उमेदवारीसाठी सर्नला आली होती. तिने एक साधा ब्राउझर लिहिला. चित्रे नाहीत, रंग नाहीत, नुसता मजकूर. दुव्यांना आकडे दिलेले, हवा तो आकडा दाबायचा. पण तो साध्यात साध्या टर्मिनलवर चाले. वेब सर्नच्या बाहेर पडली त्यात ह्या विद्यार्थिनीच्या कामाचा मोठा वाटा होता. वेबच्या इतिहासात वडीलधाऱ्यांची नावे पुढे आणि हिचे नाव तळटीपेत, हे मला नेहमी खटकते.

मुलाला ही गोष्ट आवडली आणि त्याने ताबडतोब आपली वेबसाइट नुसता मजकूर दाखवणाऱ्या एका ब्राउझरमध्ये उघडली. शीर्षक आले. त्याखाली काही नाही. सगळे शब्द पान उघडल्यावर मागाहून स्क्रिप्टने भरले जात. स्क्रिप्ट न चालवणाऱ्याच्या वाट्याला कोरे पान. त्याने ते सारे उलटे केले. आधी शब्द, मग सजावट. सजावट ठेवली, पण ती मुकाट्याने मागून येऊ लागली.

वजनाचा प्रश्न गावात गेल्यावर कळला. मालवणीतला ‘च’ आणि ‘ज’ कुठे तालव्य, कुठे दंततालव्य, हे लिपी सांगत नाही, म्हणून त्याने आजीच्या आवाजात शब्द मुद्रित केले होते. ते तसेच्या तसे, न आवळता, एकाच पानावर चढवले. महाविद्यालयात ते चटकन उघडे. आजीच्या वाडीत फोनला रेंज धरायला गडग्यावर चढावे लागते. तिथे पान उघडेपर्यंत चहा होऊन थंड होई. शिवाय त्याने दोन शोभिवंत मराठी फॉन्ट जोडले होते, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षा बराच जड असतो. आता आवाज आवळलेला आहे, तो दाबल्यावरच उतरतो, आणि फॉन्ट एकच आहे.

येथवर जे झाले ते शिकणाऱ्याच्या वाटेवरचे खाचखळगे म्हणता येतील. पुढचे तसे नाही.

गणपतीत चाकरमानी गावाला येतात. त्या सुमारास त्याने वेबसाइटवर एक नवी चौकट उघडली: ‘तुमच्या घरातला शब्द इथे लिहा.’ पत्ता वाडीवाडीच्या ग्रुपांवर गेला आणि शब्दांचा पाऊस पडला. पहिल्याच रात्री एका मित्राने शब्दाच्या जागी कोडाचा तुकडा घालून साऱ्या पानावर स्वतःचा फोटो झळकवला. पाहुण्याने आणलेला डबा उघडून पाहिल्याशिवाय पंगतीत वाढू नये, हे तेव्हा शिकून झाले. शिव्याही आल्या. त्या मात्र गाळायच्या की ठेवायच्या हे ठरेना, कारण मालवणी कोशातून शिव्या वगळणे म्हणजे समुद्रातून मीठ वगळणे. त्या ठेवल्या, वेगळ्या पानावर.

गिरगाव, परळ, डोंबिवलीहून शब्द आले. एका मुलीने आपल्या पणजीजवळ बसून पस्तीसएक शब्द लिहून पाठवले. बहुतेक भातशेतीचे आणि बाळंतपणाचे, आमच्या तेरा वह्यांत नसलेले. मुलाने ते मला फोनवर वाचून दाखवले. मी म्हटले, उद्या वहीत उतरवून घेऊ. मग त्याच्या परीक्षा आल्या.

डेटाबेस एका फुकट सेवेवर होता. काही महिने कोणी फिरकले नाही तर ती सेवा तो आधी झोपवते आणि मग पुसून टाकते. तशी सूचना तिने पाठवली होती, पण ज्या ईमेलवर पाठवली तो तो उघडतच नसे. उन्हाळ्यात त्याने पान उघडले तेव्हा मागे काहीच नव्हते. वह्यांतले शब्द त्याच्या फाइलीत होते, ते वाचले. लोकांनी पाठवलेले सारे गेले, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एका सेवेला दोष देण्यात अर्थ नाही. २००९ साली याहूने जिओसिटीज बंद केली तेव्हा लक्षावधी लोकांची घरगुती पाने एकदम जाणार होती. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतली पुष्कळशी उतरवून ठेवली. आमच्या पस्तीस शब्दांसाठी कोण धावणार? तो स्वतः धावला. ग्रुपांवर पुन्हा विनवणी केली, काही लोकांच्या फोनमध्ये आपण पाठवलेले निघाले, काहींनी आठवून पुन्हा लिहिले. वकिलांनी टिपण ठेवलेले होते, वकीलच ते. त्या मुलीला मात्र त्याने फोन केला तेव्हा कळले, की पणजी चैत्रात वारली. मुलीला पस्तीसांतले अकरा आठवले. त्यांतल्या दोहोंचे अर्थ तिला नक्की सांगता येईनात.

तो माझ्याकडे आला तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, वही बरी होती.” मला ते पटले नाही. वही बुरशीने गेली असती. फक्त हळूहळू, आणि कोणाला कळले नसते. मी त्याला तसे सांगितले. त्याचे समाधान झाले असे दिसले नाही आणि व्हायलाही नको होते.

चौथी वेबसाइट त्यानंतरची. ती दिसायला अगदीच साधी आहे. डेटाबेस नाही, सारे शब्द एका साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत एक. ती फाइल कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही संपादकात उघडते. दर रविवारी तिची प्रत तीन ठिकाणी जाते: महाविद्यालयाच्या संगणकावर, त्याच्या मामाकडे आणि माझ्या पेनड्राइव्हवर. शिवाय वर्षातून एकदा ती छापून बांधायची आणि ग्रंथालयात ठेवायची. चौकटीतून आलेला शब्द त्याच दिवशी एका माणसाच्या नजरेखालून जातो आणि फाइलीत चढतो. परीक्षेच्या काळात हे काम कोणी करायचे ह्याचा तक्ता भिंतीवर लावला आहे. त्यात यंदा मराठीच्या दोन मुली आहेत, आणि त्यांतल्या एकीने वेलांट्यांचा प्रोग्रॅम त्याच्यापेक्षा सुटसुटीत लिहिला. तो पदवी घेऊन गेला की हे पुढे चालावे, अशी त्यामागची कल्पना.

मुलाखतीला गेला तेव्हा त्याने ठिणग्यांचे पान दाखवले नाही, हे दाखवले. समोरच्या गृहस्थांना मराठी येत नव्हते. त्यांनी विचारले, ह्यात कठीण काय होते? ह्याने ‘ळ’ची गोष्ट सांगितली. नोकरी मिळाली की नाही ते अजून कळायचे आहे.

सध्या त्याचा आणि आजीचा वाद चालू आहे तो ‘व्हाळ’वरून. त्याने अर्थ लिहिला आहे ‘ओढा’. आजी म्हणते, तसे नव्हे. पावसात भरतो आणि शिमग्याला आटतो तोच व्हाळ, बारमाही असेल तर ती न्हंय. एकाच प्रवाहाला दोन ऋतूंत दोन नावे असतात की काय, हे विचारायला तो पुढच्या रविवारी वाडीत जाणार आहे. शब्दाच्या ओळीत ‘केव्हा’ असा एक नवा रकाना त्याने आधीच करून ठेवला आहे.